कुसगावची उष्टी हळद

फाल्गुन लागला की तळेगावात आमच्या आळीत कुणाच्या ना कुणाच्या परसात हळद शिजायला लागते. आधी लाकडांचा धूर येतो आणि त्याच्या मागोमाग तो वास. ओल्या मातीचा, थोडा औषधी, थोडा कडवट, घशात जाऊन बसणारा. शेजारणींना तो वास शुभ वाटतो. ‘आली बाई लग्नसराई,’ म्हणत त्या काहिलीभोवती जमतात, हळकुंड नखानं दाबून शिजलं का पाहतात. मी खिडकी लावून घेते. माझे यजमान शाळेत मास्तर आहेत. त्यांची समजूत अशी की मला धूर सोसत नाही. धूर मला चांगला सोसतो. पण चाळिशी उलटली तरी शिजत्या हळदीचा वास आला की मी पुन्हा माहेरी, टाकव्याच्या आमच्या अंगणात, बारा वर्षांची, कुडाला पाठ लावून उभी असते.

हळदीला भ्यावं असं तिच्यात आहे तरी काय? आमच्या घरात ती सगळ्या भीतींवरचा उतारा होती. विळा लागला, दाबा हळद. घसा बसला, दुधातून घ्या. नवं लुगडं अंगाला लागण्याआधी त्याच्या पदराला हळदीचं बोट लागायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे जू वाहून सोललेले खांदे माझे वडील, अप्पा, तूप-हळदीनं मळायचे, तेव्हा बैलसुद्धा डोळे मिटून उभे राहायचे. बाळंतिणीच्या अंगाला हळद, लोणच्याच्या बरणीत हळद, खंडोबाच्या नावानं उधळायची ती हळदच. परसात आंब्याच्या सावलीला तिचे वाफे होते. पानं पिवळी पडून आडवी झाली की आई कुदळीनं गड्डे काढायची, शिजवायची, छपरावर वाळत घालायची आणि गोणपाटात घालून घासायची. तिच्या बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांना तो रंग कायमचा मुरला होता. भाकरी थापली की भाकरीवरसुद्धा तिच्या बोटांची पुसट पिवळी छाया दिसते, असं मला लहानपणी वाटायचं.

जर्मनांबरोबरची पहिली लढाई चालू होती, त्या काळातली ही गोष्ट. गाठीचा रोग, म्हणजे प्लेग, मावळाला नवा नव्हता. त्या वर्षी आश्विनात गावात उंदीर मरून पडले आणि दोन दिवसांत टाकवे रिकामं झालं. घरं उघडी टाकून सगळे माळावर खोपटं बांधून राहिले. निघताना आईनं उंबऱ्यावर हळद आणि चुन्याचा पट्टा ओढला. चुना लागल्या जागी हळद लाल होते. तो पट्टा वाळेपर्यंत रक्तासारखा दिसत होता. मग तिनं पिवळ्या चिंध्यांत एकेक हळकुंड बांधून आमच्या दंडाला बांधलं. माझ्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, अप्पांच्या आणि धाकट्या काकूच्या.

काकूच्या दंडात हळकुंड होतं, तरी तिच्याच काखेत गाठ आली. मला आठवतं ते तिचं बसणं. हात अंगापासून लांब धरून ती खोपटाच्या दाराशी बसली होती, जणू काखेत पाखराचं पिल्लू आहे आणि ते चिरडू नये. दिवाळी काही तिनं पाहिली नाही. सवाशीण गेली म्हणून बायकांनी तिला न्हाऊ घातलं, हळद लावली, हिरवं लुगडं नेसवलं. आम्हां मुलींना लांब उभं केलं होतं, तरी मी कुडाच्या फटीतून पाहिलं. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं पिवळंजर्द. मी आदल्याच वर्षी, तिच्या लग्नात, तिला असंच पाहिलं होतं. तोच चेहरा, तोच रंग, तसेच मिटलेले डोळे. दोन्ही वेळेला ती हळद आमच्याच घरची होती.

तेव्हापासून मी आईला विचारायचं टाळू लागले की आज हळद कशासाठी उगाळतेस.

संक्रांतीनंतर गाव परत घरांत आलं. भिंती सारवल्या, शेणाचे सडे पडले. माळावरची खोपटं तशीच उभी राहिली. ती मोडायला कुणाचा हात धजत नव्हता. आणि फाल्गुनात आक्काचं लग्न धरलं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण सगुणा, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. तिचा नवरा कुसगावचा. मारुती त्याचं नाव, लोणावळ्याला रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, होता. त्याला आई नव्हती. आत्यानं वाढवला होता. लग्न आधी मार्गशीर्षात ठरलं होतं, ते रोगापायी पुढे गेलं. आता पुन्हा मोडायला नको, असं दोन्ही घरांना वाटत होतं. आईनं नव्या हळकुंडांची हळद जात्यावर दळली. जात्याला आंब्याचा डहाळा बांधला होता, बायका ओव्या म्हणत होत्या आणि पिवळी पूड जात्याच्या तोंडातून चहूकडून पडत होती. सगळ्यांची तोंडं हसरी होती. मी मात्र पाणी आणायच्या निमित्तानं सारखी बाहेर जात होते.

आमच्याकडे आधी नवऱ्या मुलाला हळद लावतात. त्याच्या अंगाची उरलेली हळद मुलीकडे आणतात. ती उष्टी हळद. तिचं बोट लागल्याशिवाय मुलीची हळद सुरू होत नाही. आणि एकदा हळद लागली की नवरीनं घराबाहेर पडायचं नाही. हळदीच्या अंगाला वारं लागतं, नजर लागते, काय वाटेल ते लागतं.

त्या दिवशी दुपारी मारुतीची आत्या ती हळद घेऊन आली. पारूबाई तिचं नाव. धिप्पाड, हसतमुख बाई. बरोबर तिचा दीर होता. कामशेतपर्यंत आगगाडीनं आणि तिथून पायी, असे दोघं आले होते. आईनं तिच्या पायांवर पाणी घातलं, गूळ-पाणी दिलं. पारूबाईनं पळसाच्या पानानं झाकलेली वाटी पुढ्यात ठेवली. आक्का पाटावर बसली होती, मान खाली घालून. वाजंत्री दाराशी होते. आई म्हणाली, "लावा विहीणबाई, पयलं बोट तुमचं."

पारूबाई पाटाजवळ आली. पान बाजूला केलं. आणि तिनं डावा हात वाटीत घातला.

बायका हसल्या. एक म्हणाली, "आवं, उजव्या हातानं लावा की. डाव्या हातानं कुटं हळद लागती व्हय?"

पारूबाईसुद्धा हसली. "इसारलेच बगा," म्हणाली. तिनं उजवा हात उचलायला घेतला आणि तो कोपरापर्यंतच वर आला. तिचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण ओठांवर घाम आला. मग तिनं हात हळूच परत घेतला आणि अंगापासून थोडा लांब धरला.

मी ते धरणं ओळखलं. आई माझ्यापासून हातभर अंतरावर होती; मी तिचा पदर ओढला आणि कानात म्हणाले, "आये, काकू आसंच बसायची."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं पारूबाईकडे पाहिलं. मग दोन पावलं पुढे होऊन ती पाट आणि पारूबाई यांच्यामध्ये उभी राहिली.

"विहीणबाई, हात का उचलंना?"

"काय न्हाई वं. दोन दिस जात्यावर बसले, खांदा भरलाय."

"खरं सांगा. तुमच्याकडं उंदीर पडलं का?"

सनईवाल्यानं सनई तोंडातून काढली. पारूबाईनं दिराकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. मग ती बसली, म्हणजे बसली असंही नाही, खाली आली. "शेजारच्या घरात एक पडलावता," ती म्हणाली. "एकच. म्या मनाला म्हनलं, खांदाच भरलाय. सकाळधरनं मनाला हेच सांगतीया. पोराचं लगीन दुसऱ्यांदा मोडंल वं. त्याला आई न्हाई."

क्षणात अंगण रिकामं झालं. बायकांनी आपापली पोरं उचलली. कुणीतरी धावताना पाण्याचा हंडा लवंडला. पारूबाईचा दीर कुठं गेला ते कळलंच नाही. तो सरळ स्टेशनाच्या वाटेला लागला होता, असं मागाहून समजलं. आक्का पाटावरून उठली नव्हती. हळद लागलेली नव्हती आणि न लागलेलीही नव्हती; पारूबाईच्या डाव्या हाताचा एक ठिपका तिच्या गुडघ्यावर, लुगड्यावर पडला होता आणि ती त्याच्याकडे डोळे फाडून पाहत होती. मीही त्याच ठिपक्याकडे पाहत होते. तो हलतोय, पसरतोय असं मला वाटत होतं.

आईनं ते लुगडं तिथंच सोडायला लावलं आणि चुलीत घातलं.

थोड्या वेळानं पाटील आले. म्हातारा माणूस, वाईट नव्हता. ते कुडाबाहेर उभे राहून अप्पांना म्हणाले, "बाईला शिवेभाईर काढा. गावाचा इचार करा. आत्ताच कुटं मानसं घरात आल्याती."

पारूबाई अंगणात उन्हात बसली होती. तिला कापरं भरलं होतं. आई आतून बाहेर आली. तिच्या हातात घोंगडी होती, गाडगं होतं आणि हळदीचा डबा.

"शिवेभाईर म्हंजी कुटं, पाटील?" ती म्हणाली. "माज्या दारात हळद घिऊन आलेली बाई हाय. तिला काय वड्यात टाकू?"

"तसं न्हाई, पर..."

"माळावर आमचं खोपाट हाय. तितं नेते. म्या बी तितंच ऱ्हाते. गावात पाय ठिवणार न्हाई."

"अगं," अप्पा एवढंच म्हणाले.

"आवं, पोरींकडं बगा," आई म्हणाली. मग पारूबाईच्या डाव्या बाजूनं तिनं खांदा दिला आणि दोघी माळाच्या वाटेला लागल्या. मी मागं धावले तेव्हा ती वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली, "तितंच थांब!"

*

तळेगावात हल्ली साथ आली की टोचायला माणसं येतात, पावडरी येतात, दवंडी पिटतात. पण लोकांच्या तोंडावर मी तेच बघते. माणूस आजाराला भितो त्याहून जास्त शेजारच्या माणसाला भिऊ लागतो. कालपर्यंत ज्याच्याकडून विरजण मागून आणलं, त्याच्या दाराकडे पाहतानासुद्धा अंग चोरतो. मी कुणाला हसत नाही. त्या दिवसांत मी माझ्या आईला भीत होते.

भाकरी घेऊन रोज मी जायची. खोपटापासून बऱ्याच अंतरावर एक खडक होता, त्याच्यावर भाकरी, कोरड्यास, पाण्याचं मडकं ठेवायचं, मागं सरायचं आणि हाक मारायची, "आये!" मग खोपटातून आईची "ओ" यायची. बस. हाक आणि ओ यांच्यामध्ये जो काळ जायचा, तो अगदी थोडा असणार. पण त्या काळात मी काय काय पाहिलं! आई हात अंगापासून लांब धरून बसली आहे. आईचं कपाळ पिवळं केलं आहे. आईला हिरवं लुगडं नेसवलं आहे. ओ आली की मी भाकरीचं फडकं उचलून पळत सुटायची. तिला दिसण्याआधी पळायची, कारण ती बाहेर आली आणि तिचा हात वर जात नसला तर ते मला पाहायचं नव्हतं.

घरी आक्का उंबऱ्याच्या आत बसून असायची. तिचं लग्न मोडलं की राहिलं, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. बायका म्हणायच्या, उष्टी हळद दारात आली म्हणजे ती त्या घरची झाली. तिकडं नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर ही पोर काय म्हणायची? कुंवार की रांडाव? हे त्या तिच्या कानावर जाईल अशा आवाजात बोलायच्या. आक्का ऐकायची आणि विळीवर चिंच फोडत राहायची. एकदा मला म्हणाली, "गंगू, आईला आज कितीदा हाक मारलीस?"

"एकदा."

"आन ओ कशी हुती?"

"कशी म्हंजी?"

"जड हुती का हलकी?"

हे मला सुचलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी ओ ऐकून ती जड की हलकी हे ठरवू लागले, आणि माझी झोप गेली.

मग मारुती आला. आमच्या घराच्या खाली ओढा आहे. एका सकाळी त्याच्या पलीकडे एक तरुण उभा दिसला. अंगावर रेल्वेचा निळा सदरा, पण मान, कान, हात पिवळे. हळदीच्या अंगानं घराबाहेर पडू नये हे त्याला ठाऊक होतं आणि तरीही तो आला होता. ओढा ओलांडायची त्याची हिंमत झाली नसावी किंवा आम्ही भिऊ असं त्याला वाटलं असावं.

"आत्या हाय का?" त्यानं तिथूनच विचारलं.

अप्पा रानात होते. मी काही बोलायच्या आत आक्का उंबरा ओलांडून अंगणात आली. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच पाहिलं ते असं. मध्ये ओढा आणि तोंडावर नुसती काळजी.

"हाय," आक्का म्हणाली. "आमची आई हाय तिच्यापाशी."

तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "तुमच्यात कुणाला काय झालं न्हाई ना?"

"न्हाई."

"मग बरं." त्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, तर डोळ्यांभोवती हळद लागली. खोपट कुठं आहे ते विचारून तो माळाकडे गेला. मागाहून कळलं, तो संध्याकाळपर्यंत त्या खडकाशी बसून होता आणि आईनं त्याला पुढं येऊ दिलं नव्हतं.

आई काय करत होती ते तिनं पुढं कितीतरी वर्षांनी थोडंथोडं सांगितलं. कांदा भाजून, ठेचून, हळद घालून त्याचं कढत पोटीस ती गाठीवर बांधायची. निवलं की दुसरं. पारूबाई तापात बरळायची, आईला मारायची, मारुतीच्या मेलेल्या आईशी भांडायची. अप्पांनी वडगावच्या दवाखान्यातून लाल औषधाची बाटली आणली होती, तीही आई देत होती. शेवटी गाठ फुटली. त्या जखमेत आईनं मूठभर हळद भरली. "हळदीनं वाचली का गं ती?" असं मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "मला काय ठावं? काकूला बी हळदच लावलीवती."

पण गाठ फुटली हे आम्हांला खाली घरात ठाऊक नव्हतं. त्याच दिवशी मी भाकरी घेऊन गेले. खडकावर ठेवली, मागं सरले, हाक मारली. "आये!"

ओ आली नाही.

ऊन चढलं होतं. माळावर वाळलं गवत वाऱ्यानं खसखसत होतं. मी पुन्हा हाक मारली. खोपटाचं दार पुढं लोटलेलं होतं. आदल्या दिवशीची भाकरी खडकावर तशीच, मुंग्या लागलेली होती. मला पळायचं होतं आणि पाय जमिनीत गेले होते. पळाले तर घरी जाऊन आक्काला काय सांगायचं? पुढं गेले तर काय दिसेल? मी तिथंच उभी राहून रडू लागले, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून.

तेव्हा आतून आवाज आला. आईचा नव्हे. बसका, फाटका आवाज.

"रडू नगंस गं पोरी. निजलीया तुजी आई. किती दिसांनी निजलीया. उठवू नगंस तिला."

मी विचारलं, "तुमी कोन?"

"म्या पारू," आवाज म्हणाला. "मला भूक लागलीया. भाकर हितं आणशील का?"

मी नेली नाही. भीतीनं नाही नेली. खडकावरच ठेवून पडत, धडपडत घरी आले आणि आक्काला सांगितलं, "पारूबाईला भूक लागलीया." आक्का चुलीपुढं बसली होती. तिनं राखेचे हात तसेच तोंडावर घेतले.

*

वैशाखात लग्न झालं. मांडव लहान घातला. बोलावलेल्यांपैकी अर्धी माणसं आली नाहीत. कुसगावहून पुन्हा उष्टी हळद यायची होती आणि ती कोण आणणार याची कुजबुज आधीपासून चालली होती. दुपारी पारूबाईच आली. ओळखू येत नव्हती. लुगड्यात नुसता सांगाडा राहिला होता. वाटी हातात घेऊन ती कुडाबाहेरच थांबली आणि म्हणाली, "म्या हितनं देते. दुसऱ्या कुनी तरी लावा."

कुणी पुढं झालं नाही. एकीनं पोर मागं ओढलं. आई उठली, बाहेर गेली, पारूबाईचा उजवा हात धरला आणि तिला पाटापर्यंत घेऊन आली.

"लावा," ती म्हणाली.

पारूबाईचा हात अजून पुरता वर जात नव्हता. काखेतलं कातडं ओढलं जात होतं. तो हळूहळू वर आला आणि मध्येच अडला. मी डोळे मिटणार होते, इतक्यात आक्कानं पाटावरच गुडघ्यांवर उठून आपलं तोंड त्या हातापाशी नेलं.

वरात दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. बैलगाडी नदीकडे उतरली, वाजंत्र्यांचा आवाज विरला, अंगणात कुंकू, अक्षता, खरकटी पानं उरली. मी आईला शोधत होते. चुलीपाशी नव्हती, परसात नव्हती. गोठ्याच्या मागं ती पालथ्या पाटीवर बसलेली सापडली. तिचे दात वाजत होते. हात, खांदे, मान, सगळं अंग थडथड उडत होतं. मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

"आये, काय हुतंय? ताप आलाय?"

"न्हाई गं," ती म्हणाली. शब्द नीट निघत नव्हते. "भ्या वाटतंय."

"आता? आता कशाचं? समदं झालं की."

"तवा येळ कुटं हुता भ्यायाला," आई म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले आणि तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घट्ट धरले. थोड्या वेळानं मीही कापू लागले. अप्पा दोनदा हाका मारून गेले. आम्ही दोघीही उठलो नाही.